दृष्ट काढलेली ज्वारी

बालवाडीची बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं टाळ्या वाजवत गाणी म्हणणारी बाई येते. ते खोटं नाही. पण गाणी सकाळी तीन तास. उरलेल्या वेळात ही बाई पैसे मागत फिरते. हे कुणाला फारसं दिसत नाही, कारण ती येताना दिसली की लोक घरात जातात.

बाहेरच्यांसाठी आधी व्यवहार सांगते. बालवाडीला अनुदान असतं. त्यातून बाईचं आणि मदतनिसाचं मानधन निघतं, तेही उशिरा. पाट्या, खडू, चटई, पाण्याचा रांजण, पोरांच्या मुठीत द्यायचे फुटाणे हे सगळं गावानं पाहायचं. गावानं म्हणजे समितीनं आणि समितीनं म्हणजे बाईनं. आमचं गाव सोनपेठच्या वाटेवरचं, आठवडी बाजाराचं. एक जिनिंग, धान्याच्या चार आडती, एक मठ. एका घरी दोनदा वर्गणी मागितली की तिसऱ्यांदा पाणीसुद्धा विचारत नाहीत, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. म्हणून मी ठरवलं की मागायचं नाही, काहीतरी द्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. लोक वर्गणीला कंटाळतात, गमतीला नाही.

पहिला प्रयोग पोळ्याचा. पोरांनी नाल्याच्या चिकणमातीचे बैल केले. काहींना पाय तीनच होते, एकाला शिंगं शेपटीच्या बाजूला. जोडीला वीस पैसे. गिऱ्हाईक भरपूर आलं, पण विक्री होईना. बैल उचलला की तो केलेलं पोर भोकाड पसरायचं. एका म्हाताऱ्यानं पैसे दिले, बैल घेतला आणि पोराचं रडं बघून तो तिथंच ठेवून गेला. जाताना म्हणाला, "बैल विकताना आमालाबी असंच होतं, बाई." असे पैसे देऊन बैल न नेणारे पुष्कळ निघाले. धंदा झाला आणि माल शिल्लक राहिला, असं आडतीत कधी होत नाही.

दुसरा प्रयोग बरणीतल्या चिंचोक्यांचा. काचेची बरणी चिंचोक्यांनी भरायची, आकडा ओळखायला पाच पैसे, जवळचा आकडा सांगणाऱ्याला नारळ. मी चिंचोके तीनदा मोजले होते, कारण बाजारात वाद होणार हे ठाऊक होतं. झालाच. तंबाखू विकणारा एक गृहस्थ हरला आणि अडून बसला. "बरणी पालथी घाला. माझ्यासमोर मोजा." मी पोरांनाच मोजायला बसवलं. आमच्या पोरांना दहापर्यंतच आकडे येत. ती दहा-दहाचे ढीग लावत गेली आणि हा गृहस्थ उकिडवा बसून प्रत्येक ढीग तपासत गेला. भोवती बाजार जमला. शेवटी आकडा बरोबर निघाला तेव्हा तो म्हणाला, "पोरं इमानदार हायेत," आणि आणखी पाच पैसे टाकून पुढच्या बरणीचा आकडा सांगून गेला. पुढची बरणी अजून भरलीही नव्हती.

असं आमचं बरं चाललं होतं. खडू-फुटाणे निघत होते. पण मग खोलीचा प्रश्न आला आणि गमतीजमतीचं काम अंगावर आलं.

आमची बालवाडी मठाच्या ओसरीत भरायची. मठाचा कारभार अप्पांकडं. अप्पा गावातले मोठे आडते, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं गोड, हिशेब कडक. बालवाडी समितीचे अध्यक्षही तेच. जागेचं भाडं त्यांनी कधी घेतलं नाही. त्यांच्याबद्दल तक्रार नव्हतीच. अडचण वेगळी होती.

नाल्यापलीकडं बौद्ध वस्ती होती. तिथून एकही मूल येत नव्हतं. त्या वस्तीतली वत्सलाबाई जिनिंगवर कापूस निवडायला जायची. तिची गौतमी चार वर्षांची. मला ती सरकीच्या ढिगाशेजारी बसलेली दिसायची, केसांत, पापण्यांवर कापसाचा फुफाटा, आणि सारखी खोकायची. मी वत्सलाबाईला म्हटलं, "पोरीला बालवाडीत धाडा. सकाळभर तरी त्या धुरळ्यातून सुटेल."

ती म्हणाली, "बाई, तुमचा मान हाय म्हणून बोलते. आमच्या बापाला त्या मठाच्या पायरीला शिवू दिलं न्हाई. आता म्हणतेत या. पण आमी देव सोडले ते काय त्येंच्याच ओसरीत पोरी बसवायला? दुसरीकडं कुठंबी भरवा. झाडाखाली भरवा. पहिली पोर माजी आनून बसवते."

मी दुसरी जागा शोधायला लागले.

ग्रामपंचायतीकडं शाळेच्या कडेला एक मोकळी जागा होती. मी अर्ज केला. पंचायतीनं जागा द्यायची तयारी दाखवली, पण अट घातली. पाडव्याच्या आत भिंती उभ्या करून छप्पर घालायचं. नाहीतर त्या जागेवर कोंडवाडा करायचा, मोकाट गुरांचा त्रास फार झाला होता. म्हणजे एकीकडं आमची पोरं आणि दुसरीकडं मोकाट गुरं. एक सभासद मला म्हणाले, "बाई, दोन्हींचा दंगा सारखाच."

मजुरी श्रमदानानं होणार होती. दगड नाल्यात होते. पत्रे, लाकूड, दार आणि चुना विकत घ्यायचा होता. मी बेरीज केली. मातीचे बैल आणि चिंचोके यांच्यावर ही खोली उभी राहायला माझ्या हिशेबानं एकोणीस वर्षं लागली असती. पाडव्याला दोन महिने होते.

तेव्हा मला तराजूची कल्पना सुचली. बाजाराच्या दिवशी अप्पांच्या आडतीसमोर तिकाटीला मोठा काटा टांगायचा, एका पारड्यात पोर बसवायचं, दुसऱ्यात वजनं, दहा पैशात पोराचं वजन. दुष्काळ सरून दुसरं वर्ष होतं. रेशनचा तांबडा मिलो आणि वाटपाची सुकडी खाऊन दिवस काढलेली पोरं आता भरू लागली होती. आपलं लेकरू किती भरलं हे कळून आयांना आनंद होईल, असं मला वाटलं. मला आकड्यांचा आनंद होतो, म्हणून सगळ्यांनाच होतो असं मी धरून चालले.

पहिल्या बाजाराला झुंबड उडाली. आमची मदतनीस रसूलबी, जिला सारं गाव खाला म्हणायचं, ती पोरं उचलून पारड्यात ठेवायची आणि ओरडायची, "हालू नको रे, मिरची लागली का तुला!" मी वजन मोठ्यानं सांगायची आणि फळ्यावर नाव आणि आकडा लिहायची. अप्पांची सून महादेवी आपल्या शिवूला घेऊन आली होती. तो सगळ्यांत जास्त भरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मी खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत सहाच मुलं आली. शिवूला ताप. आणखी दोघांना जुलाब. बाजारात पोरांनी काय काय खाल्लं होतं ते मला दिसत होतं, पण गावानं निदान आधीच केलं होतं. गयाबाई नावाची एक आजी, नातवाला कडेवर घेऊन, मठाच्या ओसरीसमोर उभी राहिली.

"अवं बाई, शिकलेल्या ना तुमी? लेकराचं वजन कुनी वरडून सांगतंय का? ते काय म्हशीचं दूध हाय? वर फळ्यावर लिवलं! साऱ्या बाजाराची नजर गोळा करून आमच्या पोरांच्या अंगावर टाकली!"

मी म्हटलं, "आजी, वजन कळलं तर पोराची तब्येत कळते."

"तब्येत आमाला कळती. कडंवर घेतलं की कळती. आकडा कशाला पायजे?"

अप्पांकडं गेले तर त्यांनीही तीच बाजू घेतली. शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्या आडतीत मापाडी पहिल्या मापाला एक म्हणतो का? लाभ म्हणतो. मग दोन, तीन. मोजायला सुरुवात करतानासुद्धा आकडा तोंडानं काढत न्हाईत. ती ज्वारी हाय. इथं लेकरं हायेत."

मी आडतीशेजारी इतकी वर्षं राहत होते, 'लाभ' रोज ऐकत होते, आणि ते का म्हणतात याचा विचार केला नव्हता.

खालानं वाट काढली. दुपारी चटया गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "बाई, आमच्यात पोरगं बिमार पडलं तर उसके वजन का अनाज उतारते. सदका. पोराची बला अनाजाबरोबर जाती. तुमी वजनं काढून टाका ना. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात ज्वारी. आकडा बोलायचा न्हाई, लिहायचा न्हाई. ज्वारी खोलीला."

अप्पा मठाच्या कामाला आले होते, तेही ऐकत होते. "हे तर तुलादान झालं," ते म्हणाले. "आमच्यात गुळाचं करतात."

मी हिशेब केला. दहा पैशाच्या जागी दहा-बारा किलो ज्वारी. कोण देणार? मी तसं म्हटलंही. खाला म्हणाली, "दहा पैसे बाईला देतेत. ज्वारी लेकरासाठी देतेत."

तिचं खरं निघालं. फाल्गुनाचे दिवस, खळी नुकतीच झाली होती, घरोघरी नवी ज्वारी होती. पुढच्या बाजाराला लोक पोरं आणि पोती दोन्ही घेऊन आले. गयाबाई सगळ्यांच्या पुढं. पारडं समान झालं की आई त्यातली ओंजळभर ज्वारी पोरावरून तीनदा ओवाळायची आणि पोत्यात टाकायची. मी फक्त बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा काट्याशेजारी गप्प उभी होते. ज्यांच्या घरी धान्य नव्हतं त्यांचं काय, हा प्रश्न एका मेंढपाळानं सोडवला. त्यानं नाल्यातून धोंडे आणले आणि पोराच्या बरोबरीनं पारड्यात घातले. "खोलीला धोंडेबी लागत्यालच की."

गयाबाईला शंका आली. "नजर उतरलेले धोंडे भिंतीत? उद्या भिंतीला लागंल नजर."

"लागू दे की," मेंढपाळ म्हणाला. "भिंतीला कुठं जुलाब होतेत?"

दोन बाजारांत साडेचार क्विंटल ज्वारी जमली. पांढरी, टपोरी. त्या दिवसाच्या भावानं पत्रे, लाकूड आणि दार यांची बेरीज जवळपास जुळत होती. तिकडं भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. मी पोती अप्पांच्या आडतीत हर्रासाला लावली. लिलावाला आमच्याकडं हर्रास म्हणतात.

बोली लागलीच नाही.

ही चूक आमच्या गावाशिवाय कुणी केली नसती आणि ती सगळ्यांनी मिळून केली. ज्वारी देताना प्रत्येकाला ठाऊक होतं की आपल्या लेकराची नजर तिच्यात गेली आहे. मग तीच ज्वारी विकत घेऊन घरी कोण नेणार? घरी लेकरं सगळ्यांनाच होती. अप्पांनीसुद्धा ती पोती आपल्या मालापासून वेगळी, भिंतीकडं सरकवून ठेवली होती. गाडीनं बाहेर पाठवायची म्हटलं तर गाडीवानही गावातलाच.

पाडव्याला नऊ दिवस राहिले. पंचायतीचा शिपाई येऊन भिंती बघून गेला आणि म्हणाला, "इतक्या उंचीत गुरं बसतील बाई. वाया जायचं न्हाई."

मग समितीच्या बैठकीत एक जण म्हणाला, "वस्तीत देऊन टाका की. नजरेचा उतारा पूर्वी तेच न्यायचे. अर्ध्या-पाव भावात जाईल, काहीतरी हातात येईल." मी विरोध करायचा सोडून डोक्यात पाव भावाची आकडेमोड करत बसले. त्यात पत्रे बसत नव्हते.

ही गोष्ट नाल्यापलीकडं जायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी जिनिंगला जाताना वत्सलाबाई ओसरीसमोर थांबली. पायरी चढली नाही. गौतमी तिच्या पदराला धरून खोकत होती.

"बाई, आमाला उतारा द्यायलेत म्हणे?"

"समितीत कुणी तसं बोललं," मी म्हटलं. "ठरलं नाही."

"ठरवू नका. उतारा न्यायचे दिवस गेले. आमच्या सासूनं नेला, रडत नेला. आमी न्हाई नेनार." मग तिनं विचारलं, "ज्वारी चांगली हाय का?"

"पांढरी. किडीचा दाणा नाही."

"हर्रास परत कधी?"

"बाजारच्या दिवशी."

"बरं," म्हणाली आणि पोरीला घेऊन गेली.

बाजाराच्या दिवशी जिनिंगचा पगार असायचा. साऱ्या वस्तीचा पगार गोळा करून सात-आठ जण आडतीत आले, पुढं वत्सलाबाई. हर्रासाला ती एकटीच बाई होती. अप्पांनी पुकारा केला. समोर गिऱ्हाईक नाही हे ठाऊक असल्यामुळं त्यांनी अर्ध्या भावापासून सुरुवात केली.

वत्सलाबाईनं त्या दिवसाचा पुरा बाजारभाव सांगितला.

शेजारच्या हमालानं तिला कोपरानं ढोसलं. "अगं येडी का तू? समोर कोनी बोली लावायला न्हाई. अर्ध्यात मिळायलीय!"

"अर्ध्यात घेतली तर उतारा," ती मोठ्यानं म्हणाली, अप्पांना ऐकू जाईल अशी. "भावानं घेतली तर ज्वारी. आमी नजर-बिजर मानत न्हाई, मग सूट कशापायी घ्यावी? आन् घरात मिलो खाऊन दिवस काढलेत. असली पांढरी ज्वारी सोडत असतेत व्हय?"

अप्पा गादीवरून उठले. त्यांना उठताना मी फक्त मठाचे स्वामी आल्यावर पाहिलं होतं. मापाड्याला त्यांनी हात केला आणि माप सुरू झालं. "लाभ... दोन... तीन..." मापाडी तिच्या पोत्यांत ज्वारी ओतत गेला. अप्पांनी आडत, हमाली, धर्मादाय यातलं काही लावलं नाही. वत्सलाबाईला ते पटलं नाही. "लावा की. सगळ्यांना लावता ते आमाला लावा." शेवटी हमाली घेतली गेली. आडत, म्हणजे विकणाऱ्यानं द्यायची दलाली, मात्र अप्पांनी बालवाडीला माफ केली, कारण माल आमचा होता.

पत्रे परभणीहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले. चढवायला वस्तीतली माणसं आली, मठाच्या बाजूची आली, गयाबाईचा मुलगाही आला. पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटचा पत्रा ठोकला. पंचायतीनं कोंडवाडा वेशीबाहेर केला. एका सभासदाच्याच म्हशी त्यात पहिल्यांदा गेल्या, पण तो वेगळा विषय आहे.

एक हळहळ मात्र आहे. मठाच्या ओसरीत जी तीन वर्षं गेली, त्या वर्षांत नाल्यापलीकडची पोरं मोठी होऊन थेट पहिलीत गेली किंवा कुठंच गेली नाहीत. झाडाखाली भरवा, असं वत्सलाबाई म्हणाली होती. झाडं तेव्हाही होती.

नव्या खोलीत पहिल्या दिवशी सर्वांत आधी गौतमी आली. बोलल्याप्रमाणं वत्सलाबाईनं तिला स्वतः आणून चटईवर बसवलं, मागोमाग वस्तीतली आणखी अकरा. अप्पांनी आपला एक जुना काटा खोलीला देऊन टाकला होता. तो मी आढ्याला टांगला, पण वजनं फडक्यात बांधून ठेवली. एकदा पोळलेली होते.

महिनाभरानं वत्सलाबाईनं ते फडकं पाहिलं. "काटा कशाला टांगलाय मग? आमच्या पोरीला तोला. आन् आकडा सांगा. खोकला कमी झाला, पन अंगाला लागायलंय का न्हाई ते कळू द्या."

मी गौतमीला पारड्यात बसवलं. तेरा किलो. मी आकडा सांगितला, आधी हळू, मग तिनं "आँ?" केलं म्हणून मोठ्यानं. वस्तीतल्या आयांनी आपापली पोरं पुढं केली. बाकीच्या बाया दाराशी उभ्या राहून बघत होत्या. दर महिन्याला असं चालू झालं. वस्तीची पोरं तोलायची, आकडे सांगायचे, आणि त्या पोरांना काही होत नाही हे दारातून सगळ्यांनी बघायचं.

श्रावणात एके दिवशी सगळ्या बाया गेल्यावर अप्पांची सून महादेवी मागं राहिली. शिवू तिच्या कडेवर. वत्सलाबाई गौतमीला न्यायला आली होती, तीही तिथंच होती.

महादेवी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, ह्याला बसवता का एकदा? पावसाळ्यात लय वाळल्यासारखा वाटायलाय. पन आकडा मला एकटीलाच सांगा. कानात."

वत्सलाबाईनं ऐकलं. "कानात कामून? चांगला भरला तर सांगू द्या की मोठ्यानं."

महादेवीनं तिच्याकडं पाहिलं. मग स्वतःच शिवूला पारड्यात बसवलं. मी वजनं ठेवत गेले. काटा स्थिर झाला.

"बरं, सांगा," महादेवी म्हणाली. "मोठ्यानंच सांगा."

आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं वाकून शिवूचे दोन्ही कान हातांनी घट्ट झाकले. पलीकडून वत्सलाबाई हसली, पुढं झाली आणि काटा हलू नये म्हणून तिनं पारड्याची दोरी धरली.

मी आकडा सांगितला.